दोनच्या चालीत वरात

माणसाला पाय दोन, म्हणून वरात दोनच्या चालीत चालते. हे मी कोणाला सांगितलं की लोक हसतात. त्यांना वाटतं ताल म्हणजे तबलजींची भानगड, मोठमोठी नावं, मांड्यांवर बोटं मोजणं. अहो, मी बँडवाला माणूस. घाटंजीच्या आजूबाजूला असं गाव नसेल जिथं मी लाल कोट घालून, गळ्यात मोठा ढोल अडकवून भर उन्हात चाललो नाही. आता खांदा साथ देत नाही म्हणून ढोल खाली ठेवला. पण लोकांचे पाय पाहायची खोड काही गेली नाही. बसस्टँडवर बसलो तरी मी चेहरे पाहत नाही, चाल पाहतो.

ज्यांना यातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण पुढची गोष्ट त्याशिवाय समजायची नाही. सगळे ठोके सारखे नसतात. एक जड असतो, बाकीचे हलके. जड-हलका, जड-हलका असं वाजवा, ही झाली दोनची चाल. पोलिसांची परेड याच्यावरच चालते. जड ठोका दर वेळी त्याच पायाखाली येतो, म्हणून पाय आपोआप पुढं पडतो, डोक्याला विचारावं लागत नाही. आता जड-हलका-हलका असं वाजवा. ही तीनची चाल, आम्ही तिला दादरा म्हणतो. यात जड ठोका एकदा डाव्या पायावर येतो, पुढच्या वेळी उजव्यावर. चालणारा माणूस गोंधळतो, चालणं सोडतो आणि जागच्या जागी डुलायला लागतो. हळदीला बाया गाणी म्हणतात ती बहुतेक याच चालीतली. आणि तिसरा आमचा केरवा, म्हणजे चारची चाल, मधल्या हलक्या ठोक्यांना लचक दिलेली. हा नाचायचा. केरवा सुरू झाला की वरात पुढं सरकत नाही, गोल करून उभी राहते आणि पोट्टे रुमाल काढतात.

म्हणजे बघा, वरात चालवायची, थांबवायची की डुलवायची, हे सगळं ढोलवाल्याच्या हातात. लोकांना वाटतं आपल्या मनानं नाचतोय. वाटू द्या बापड्यांना.

एकदा एका रिटायर फौजी माणसानं मुलाच्या लग्नात मला दम भरला. म्हणे, "मास्तर, आपल्याले नाचगिच नाही पाह्यजे. मार्च वाजवा, डिसिप्लिनमधी जाऊ." मी म्हटलं, तुमची मर्जी. वाजवला मार्च. वरात अशी तडक गेली की मांडवात पोचलो तेव्हा मुलीकडचे लोक अजून आंघोळ्या करत होते. मुलीचा मामा बनियनवर बाहेर आला आणि फौजीला सोडून मलाच शिव्या घातल्या. तेव्हापासून मी कोणी काही सांगो, आधी मांडवाकडची खबर घेऊन मगच चाल ठरवत असे.

आमच्या घरात हा धंदा सहजासहजी आला नाही, तेही सांगून टाकतो. आमच्या आज्यानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि त्याच दिवशी डफडं खाली ठेवलं. गावानं बोलावलं की जाऊन वाजवायचं आणि शिळंपाकं घेऊन यायचं, तो मान नव्हे, अपमान होता. मी ढोल उचलला तेव्हा बाप माझ्याशी बरेच दिवस बोलला नाही. मी त्याला म्हटलं, बाबा, मला कोणी हाकारत नाही. माझ्या दारी येऊन तारीख मागतात, माझ्या सवडीनं घेतात. त्याला ते पटलं की नाही देव जाणे, पण माझा कोट मात्र तो इस्त्री करून ठेवायचा.

आता ती गोष्ट. नावं बदलली आहेत, बाकी काही बदललेलं नाही.

घाटंजीपासून जवळच्याच गावात वसंतभाऊंच्या मुलीचं लग्न होतं. कापूस, तूर, सोयाबीन, बऱ्यापैकी शेती असलेलं घर. मुलगी वैशाली. वसंतभाऊंचे थोरले बंधू नाना, त्यांना मूलबाळ नव्हतं, म्हणून वैशालीला त्यांनीच खांद्यावर खेळवलेलं. नवरदेवाकडचे लोक महागाव बाजूचे. मे महिना, दुपारची वेळ. रिवाजाप्रमाणे नवरदेव आधी मारुतीच्या देवळात आला आणि तिथून वरात मांडवाकडं निघायची होती. नवरदेव सजवलेल्या जीपमध्ये, आम्ही समोर, माझ्या शेजारी आमचे क्लॅरिनेटवाले रहीमचाचा.

तेवढ्यात वसंतभाऊ मोटरसायकलवर आले. मुलीचा बाप अशा वेळी देवळापाशी कशाला येतो? डोक्याला फेटा, पायात चप्पल नाही. मला दंडाला धरून देवळामागं नेलं.

"मास्तर, नानाचा श्वास लागला," ते म्हणाले. "डाक्टर येऊन गेले. म्हनले, आता हातात काही नाही. तास जाईन, नाही तर तेवढाही नाही जानार. वरात लवकर आना बाप्पा."

"मंग नवरदेवाच्या बापाले सांगा न, भाऊ. तेच म्हनतीन लोकाइले, चला म्हनून."

"पागल झाले काय? त्याइले समजलं त लगनच थांबवतीन!"

मग त्यांनी भराभर सांगितलं. हे लग्न आधीच्या हंगामात ठरलं होतं. तेव्हा नवरदेवाची आजी वारली, सुतक आलं, लग्न पुढं गेलं. नवरदेवाच्या आत्याबाई तेव्हापासून म्हणत होत्या की ही सोयरीक ठरली आणि घरातलं माणूस गेलं, पोरगी पायगुणाची नाही. आता ऐन लग्नात मुलीकडचं सुतक पडलं तर आत्याबाईंना आयतंच सापडणार. अक्षता पडायच्या आत नानांचा जीव गेला तर लग्न तर थांबेलच, पण सोयरीकही मोडेल आणि वैशालीच्या कपाळी कायमचा शिक्का बसेल. अक्षता पडल्या की मग काही का होईना.

"नानानंच मले हाताले धरून सांगतलं," वसंतभाऊ म्हणाले, "माही वाट पाहू नका, पोरीचं लगन लावा." एवढं बोलून त्यांनी फेट्याच्या शेवानं तोंड पुसलं. "पन मास्तर, वैशूलेही नाही सांगतलं, तिले वाटते नाना निजले हायत. कोनाले समजू देऊ नका."

मी बौद्ध माणूस. सुतक-पायगुण असलं काही मानत नाही आणि मानणाऱ्यांशी आयुष्यभर वाद घातले. पण त्या घडीला माझ्या मानण्याला कोण विचारतो? तिकडं एक माणूस श्वास मोजत होता आणि इकडं एका पोरीचं आयुष्य माझ्या ढोल बडवायच्या टिपरूवर येऊन अडकलं होतं. मी म्हटलं, "जा तुम्ही. आनतो."

आणतो म्हणणं सोपं होतं. देवळासमोर नाच नुकता रंगात आला होता आणि त्याचा कारभारी होता नवरदेवाच्या बहिणीचा नवरा, दिलीप. म्हणजे घरचा जावई. जावयाला वरातीत कोणी नाही म्हणत नाही, आणि त्यानं थोडी घेतलेली असली तर मुळीच नाही. तो मधोमध उभा राहून माझ्याकडं बोट दाखवत होता, "वाजव मास्तर, वाजव!"

एकदम मार्च धरला असता तर सगळ्यांच्या लक्षात आलं असतं. बँड थांबवणं तर शक्यच नव्हतं. मी केरवा तसाच ठेवला आणि त्यातले हलके ठोके एकेक करून गाळायला लागलो. लचक काढून घेतली. जड ठोका तेवढा राहिला, आणि त्याच्या मागं एक हलका. गाणं तेच, पण त्याच्याखालची जमीन बदलली. रहीमचाचांनी वाजवता वाजवता डोळा तिरपा करून माझ्याकडं पाहिलं. एवढी वर्षं सोबत काढली, त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनी ताना घेणं सोडलं आणि सूर सरळ धरला. आणि पाय हलले! पाठीमागचे म्हातारे आधी चालायला लागले, मग बाया, मग जीप. पोट्टे नाचता नाचताच पुढं सरकू लागले. मी लय एका केसानं वाढवली. थोड्या वेळानं अजून एका केसानं. बाजारओळ अर्धी मागं पडली.

चौकात दिलीपच्या लक्षात आलं. तो आडवा येऊन दोन्ही हात पसरून उभा राहिला.

"ओ मास्तर! पळून काहून राह्यले? कोनाची मयत हाय काय?"

मी ठोका सोडला नाही. रहीमचाचांचा सूर पण क्षणभर हलला, कारण त्यांना काही माहीत नव्हतं तरी माझं तोंड त्यांनी पाहिलं होतं. मी हसलो. कसा हसलो ते मलाच ठाऊक.

"ऊन लय हाय, जावईबुवा. नवरदेव सुकून राह्यला."

"सुकू दे! नागीन लाव!"

आणि महाराज भर रस्त्यात आडवे. तोंडात रुमाल, दोन्ही हातांचा फणा. त्याचे चार दोस्त भोवती बसले. जीप थांबली, वरात थांबली. नाही वाजवलं तर भांडण, आणि भांडण मिटवायला दुपार गेली असती. वाजवलं तर हा उठणार कधी? डोळ्यासमोर मला ती घरातली खाट दिसत होती, जी मी कधी पाहिलीही नव्हती.

मी वाजवलं. नागिणीचाच सूर रहीमचाचांना दिला, पण खाली दादरा धरला. जड-हलका-हलका. दिलीपनं उठून उडी मारली ती ठोक्यावर पडली. दुसरी पडली ती दोन ठोक्यांच्या मध्ये. तिसऱ्या उडीला त्याचा स्वतःच्याच पायात पाय अडकला. दोस्तांचंही तेच. तीनच्या चालीवर माणसाला डुलता येतं, उड्या मारता येत नाहीत. आजूबाजूच्या बाया मात्र छान डुलत होत्या आणि त्याला हसत होत्या. तो घामाघूम होऊन माझ्याजवळ आला आणि कानात म्हणाला, "मास्तर, मले जास्त झाली काय हो? पायच नाही पडून राह्यले."

"असं होते उनात," मी म्हटलं. "मांडवात थंड पानी हाय. चला."

दुसऱ्या वेळी मला त्याच्यावर हसू आलं असतं. त्या वेळी मी नुसता दोनचा ठोका धरला आणि जावईबुवा सगळ्यांच्या पुढं चालायला लागले.

मांडव वसंतभाऊंच्या घरासमोरच होता. नवरानवरी उभे राहिले, मधे अंतरपाट, भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली. आता आमचं काम काय, ते सांगतो. मंगलाष्टकाच्या प्रत्येक कडव्याशेवटी सावधान येतं, पण शेवटच्या सावधानवर बँड वाजतो. मांडवात मागं बसलेल्या लोकांना भटजींचं काही ऐकू येत नाही. मधल्या कडव्यांना ते चार दाणे फेकतात, बाकीच्या अक्षता मुठीत धरून ढोलाची वाट पाहतात. ढोल वाजला की लग्न लागलं. अंतरपाट धरणारेही ढोलावरच सोडतात. एखाद्या नवशिक्यानं एक कडवं आधी वाजवलं तर लग्न एक कडवं आधी लागतं, मग भटजींनी कपाळावर हात मारला तरी काही उपयोग नसतो. म्हणून ही जागा मी कोणाला देत नसे.

भटजींचं संपत आलं आणि आत्याबाई उठल्या. हातात माईक घेतला. त्यांनी भाच्यासाठी स्वतः रचलेलं मंगलाष्टक आणलं होतं. आमच्याकडं ही हौस फार. पहिल्या कडव्यात सगळी कुलदैवतं. दुसऱ्यात आजोबा-पणजोबा. आणि चाल अशी रडतखडत की जड ठोका कुठं येतो ते त्यांनाही माहीत नसावं. मी टिपरू उचलून धरलं होतं आणि घराच्या दाराकडं बघत होतो.

दारात वसंतभाऊ आले. चौकटीला हात लावून उभे राहिले. डोक्यावरचा फेटा त्यांनी काढून हातात धरला होता. मग त्यांचं मांडवाकडं लक्ष गेलं, काही आठवल्यासारखं झालं आणि त्यांनी तो परत डोक्यावर ठेवला, वाकडाच. माझ्याकडं पाहिलं. खूण नाही, काही नाही. नाना गेले होते.

आत्याबाई तिसऱ्या कडव्यात मामा-मावश्यांना आवतण देत होत्या. आणि मला घरातून आवाज आला. नानांच्या बायकोचा, नानींचा. अजून हंबरडा नव्हता, त्याच्या आधीचा बारीक सूर होता, छाती भरून घेतानाचा. गर्दीत तो मलाच ऐकू आला, कारण मी त्याचीच धास्ती घेऊन उभा होतो. पुढच्या क्षणी तो फुटणार आणि मांडवभर समजणार. आत्याबाईंनी "सावधाऽऽन" म्हणून श्वास घेतला, चौथ्या कडव्यासाठी. मी हातात होती नव्हती तेवढी ताकद लावून ढोलावर मारलं.

सगळा बँड तुटून पडला. अक्षता उडाल्या, अंतरपाट खाली आला, गळ्यांत हार पडले, फटाके लागले. घरातून नानींचा हंबरडा आला तो त्या सगळ्याच्या खाली गेला. ज्या दोघा-तिघांना ऐकू आला त्यांना वाटलं, पोरीची माय रडून राह्यली, रडनारच. आत्याबाई माईकमध्ये ओरडल्या, "अजून दोन कडवे होते नं, मेल्या!" पण लग्न लागलं होतं.

मला सुटल्यासारखं वाटलं म्हणता? छे. आता वाजवणं थांबवता येत नव्हतं. थांबलो की घरातला आवाज उघडा पडणार. आम्ही वाजवत राहिलो. हात भरून आले, रहीमचाचांचे ओठ सुजले. आणि तेवढ्यात दिलीप, आता पाय ताळ्यावर आलेला, वसंतभाऊंना हाताला धरून ओढत माझ्यासमोर घेऊन आला. "या इवाईबुवा! पोरीच्या बापानं नाचलंच पाह्यजे!" लोकांनी गोल केला. नोटा ओवाळल्या. शूटिंगवाला कॅमेरा घेऊन पुढं आला. वैशाली हार घालून हसत होती, टाळ्या वाजवत होती.

वसंतभाऊंनी हात वर केले. नाही म्हणाले असते तर कोणीतरी विचारलं असतं. ते नाचायला लागले. पण पाय पडेनात. एक पाय उचलायचे आणि तो तसाच हवेत राहायचा. मग दोन पावलं एकदम. मग काहीच नाही, नुसते हात वर आणि डोळ्यांतून पाणी. लोक म्हणत होते, आनंदाश्रू हो. मी केरवा धरला, ते मागं राहिले. दोनची चाल धरली, तीही त्यांना जमेना. तेव्हा मी चाल सोडून दिली. त्यांचा पाय जमिनीला लागला की मी ठोका मारायचो. थांबले की थांबायचो. तीन मागं एक, एक मागं दोन, कसंही. झांजवाला गडबडला, रहीमचाचांनी डोळे मिटून नुसता एक सूर लांबवून धरला. जन्मभर लोकांचे पाय माझ्या ढोलामागं चालले, त्या दिवशी माझा ढोल त्या माणसाच्या पायामागं चालला. ऐकणारा म्हणाला असता, हा बँडवाला पिऊन आला. म्हणालेही काही जण.

मुलगी सासरी गेली आणि मग गावात कळवलं. तिकडं महागावला निरोप गेला की मुलीची पाठवणी झाल्यावर नाना गेले. वैशालीला खरं बापानं नंतर कधीतरी सांगितलं.

मला ती भेटली यंदा, घाटंजीच्या बाजारात. मीच ओळखलं नाही. तिनं हाक मारली. नमस्कार-चमत्कार झाला आणि तिनं सरळ विचारलं, "मास्तर, एक सांगा. माह्ये नाना आत तसे पडले होते अन् तुमी माह्या बाबाले नाचवून राह्यलते. तुमाले मालूम होतं न?"

"होतं," मी म्हटलं.

"मले रडूही नाही देल्लं तुमी लोकाइनं. मी टाळ्या वाजवून राह्यलती." तिचा आवाज चढला, भाजीवाली बघायला लागली. "माह्या सासरी अजून ते शूटिंग लावतात. बाबा नाचतात तिथं सारे हासतात. म्हनतात, पाह्य, बँडवाला कसा चुकला. मीही हासतो त्याइच्यासंगं. काय करू?"

मला फार लागलं ते. टाळ्यांचं तर लागलंच, पण चुकला म्हणतात याचंही लागलं, खोटं कशाला बोलू. मी तिला म्हटलं, "पोरी, मी चुकलो नाही. तुह्या बापाचे पाय पडत नव्हते. ते जिथं पडले तिथं मी ठोका देल्ला. घरी गेली का शूटिंग लाव, अन् आवाज नको ऐकू, त्याइचे पाय पाह्य."

तिनं पदरानं डोळे पुसले आणि पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"मंग लिहा न हे कुठं तरी," ती म्हणाली. "आत्याबाई गेल्या, माह्ये लेकरं शाळेत जातात. आता कोन मोडते सोयरीक? छापून आलं का मी साऱ्याइले वाचून दाखवतो, अन् मंग शूटिंग लावतो."